महाराजांच्या हातचा नारळ

वेळणगडच्या भैरवराव महाराजांनी नारळी पौर्णिमा दोन महिने अलीकडे ओढली, कारण जावईबापू ज्येष्ठात येणार होते आणि त्यांना ताज्या सरंग्याशिवाय घास उतरत नसे. नारळ वाहिल्याशिवाय कोळी दर्यात होडी लोटत नाहीत, एवढं महाराजांना ठाऊक होतं. का लोटत नाहीत, हे विचारायला राजाला सवड कुठून असणार! शास्त्रीबुवांनीही मान डोलावली. पौर्णिमा ती पौर्णिमा, महिन्याचं काय घेऊन बसलात? शास्त्रीबुवांना होडीत बसायचं नव्हतं.

हुकूम कानी पडताच चांगुणा नाखवीण आधी किनाऱ्यावर धावली. तिचा नवरा पोशा सगळ्यांत पुढची होडी हाकायचा. नैर्ऋत्येचं आभाळ काळंठिक्कर झालेलं, पाणी गढुळलेलं. अशात गेलेली होडी परत येत नाही, हे कोळीवाड्यातलं पोरही जाणत होतं. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, दर्या खवळलाय. तुफान येतंय."

"समुद्र आमच्या हद्दीत आहे," महाराज म्हणाले. "तिथे आमच्या परवानगीशिवाय तुफान येत नाही. उद्या होड्या निघाल्या नाहीत, तर किनाऱ्यावरच जाळून टाकू."

दरबाराने वाहवा केली. चांगुणाला असा संताप आला, की तिने हातच जोडले. "मंग नारळबी आपल्याच हातचा पायजे, महाराज. आमची रीत हाय, नारळ पुढं, होड्या मागं."

"मंजूर! नारळ जाईल तिथे होड्या जातील. हाच आमचा हुकूम."

चांगुणा वर्षानुवर्षं राजवाड्याच्या मागच्या दारी मासळी घेऊन जायची. पावसाळ्याच्या तोंडाला पाण्याची ओढ कशी फिरते, ते तिने तिथेच पाहिलं होतं. धक्क्यावरून पाण्यात पडलेली वस्तू काठाकाठाने जाते, खाडीत वळते आणि राजवाड्याच्या बागेतल्या घाटाला लागते. गेल्या साली तिची टोपली तिथेच सापडली होती, शेजारी एक मेलेली शेळीही. माळी सगळं मुकाट्याने उचलून टाकत. त्यामुळे समुद्र आपल्या बागेकडे डोळा वर करून बघत नाही, अशी महाराजांची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी भरतीला, ढोलताशांच्या गजरात महाराजांनी धक्क्यावरून सोनेरी वर्खाचा नारळ दर्यात टाकला आणि ते वामकुक्षीला गेले.

जाग आली ती आरडाओरड्याने. बाहेर वारा घोंघावत होता. घाटाच्या पायरीवर नारळ पडला होता आणि चाळीस होड्या गुलाबाचे ताटवे तुडवत आमराईत ओढल्या जात होत्या. पोशा आपली होडी कलमी आंब्याला करकचून बांधत होता.

"हा काय धिंगाणा?" महाराज गरजले. "होड्या समुद्रात घालायला सांगितल्या होत्या!"

"नारळ जाईल तिथं, असा हुकूम होता," चांगुणा म्हणाली. "नारळ हितं आला, आमीबी आलो."

"समुद्राची ही हिंमत? आमचा नारळ परत करतो?"

"आपल्याच हद्दीतला हाय, महाराज. आपली होडी पुढं काढा नि जाब विचारा त्याला. आमी हाव की मागं."

तेवढ्यात माडाएवढी लाट घाटावर फुटली आणि महाराज आपादमस्तक भिजले. मिशांतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी एकदा दर्याकडे पाहिलं, एकदा चांगुणाकडे, आणि मग पोट धरधरून हसत सुटले.

दर पावसाळ्यात होड्यांना आमराई मोकळी झाली, चांगुणाला हातभर जरीचं लुगडं मिळालं आणि जावईबापूंनी आठ दिवस दुधी भोपळा खाल्ला.