उभ्याने केलेली सही

त्या नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूमचं लक्षणच ठीक नव्हतं. खिडक्या बंद असल्या तरी भरदुपारी कागद सळसळत. नवे मुख्याधिकारी दाभाडे यांनी खुर्चीत रेलून हुकूम सोडला, "मृत्यूच्या नोंदी जाळून जागा मोकळी करा. मेलेले काय दाखला मागायला येणार आहेत?"

जन्म-मृत्यू विभागाच्या तांडेलबाई शांतपणे म्हणाल्या, "जाळते, साहेब. पण मृत्यूची नोंद गेली की सरकारदरबारी माणूस जिवंत. तुमच्या आधीचे हुपरीकरसाहेब याच खुर्चीत गेले. उद्या ते रुजू व्हायला आले, तर त्यांना कुठे बसवू?"

खुर्ची करकरली. आपण तर जागचे हललोही नाही, हे दाभाड्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी फायलीवर 'कायम जतन' असा शेरा मारला. सही मात्र उभ्यानेच केली.