पट्टीवरची खूण

“…पण उस्ताद, माझं शिकून झालं की नाही, एवढं तरी सांगाल का?”

दस्तगीर उस्ताद बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले.

गडहिंग्लजच्या त्यांच्या गॅरेजात धैर्यशीलला तीन वर्षं झाली होती. पुण्याहून डिप्लोमा करून आलेला गडी. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि हे दोन्ही त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. बायपासला त्यानं गाळा घेतला होता. ‘ऑटोमॅटिक गिअर स्पेशालिस्ट’ असा बोर्डही रंगवून आणला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो बोर्ड भिंतीला टेकून उभा होता. उस्तादांनी हो म्हटलं की गुरुवारी मुहूर्त.

“झालं का शिकून?” त्यानं पुन्हा विचारलं.

“आधी डॉक्टरबाईंच्या गाडीचं सांग,” उस्ताद म्हणाले.

धैर्यशीलचा चेहरा खुलला. हाच तर त्याचा विषय.

“गिअरबॉक्स गेला. पहिल्यावरून दुसऱ्यावर पडताना गचका देते. चढाला इंजन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही, आणि मग एकदम हिसका. स्कॅनर लावला, त्यात काही येत नाही. म्हणजे बिघाड आतच आहे. खोलावा लागेल. एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट मिळतील असं वाटत नाही. बाईंना मी तसं सांगून टाकलंय.”

“सांगितलंस बी?”

“स्पष्ट सांगितलेलं बरं.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली आणि दाराकडं पाहिलं.

दारातल्या बाकावर डॉ. शैलजा पट्टणशेट्टी बसल्या होत्या. गुरांच्या डॉक्टर. लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय अधू झालेला, क्लच दाबणं त्याला जमत नाही. म्हणून ही बिनक्लचची गाडी, आणि तिच्या जिवावर बावीस गावं. दहा दिवसांपूर्वी ती गचके द्यायला लागली. परवा तर एका चढावर मागं घसरली. खात्यातले साहेब म्हणाले, फिरती सोडा, ऑफिसात टेबल घ्या. तसा अर्ज सही करून बाईंनी पर्समध्ये ठेवला होता. दुपारी द्यायचा होता. त्यांना तो द्यायचा नव्हता, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं.

“तेल बघितलंस?” उस्तादांनी विचारलं.

“गिअरचं तेल मीच तर बदललं! तुम्ही उरसाला गेला होता तेव्हा. तेल मोजायची पट्टी घालून बघितली, बरोब्बर वरच्या खुणेवर. आज सकाळी पुन्हा बघितली. केसभरही कमी नाही.”

“आणि गचके कवापासनं?”

“…साधारण तेव्हापासूनच. पण तेलाचा काही संबंध नाही, उस्ताद. तेल पुरेपूर आहे.”

 

“चला डॉक्टरबाई,” उस्ताद उठले. “तुमी चालवा. आमी नुसतं बसतो.”

“चाचा, उगंच कशाला? हे म्हणालेत की, गेलाय म्हणून.”

“त्यो म्हणालाय. गाडी कुठं म्हणालीया?”

बाई चालवायला बसल्या. उस्ताद शेजारी, धैर्यशील मागं, हाताची घडी घालून.

गाव सुटेपर्यंत तीन गचके बसले. प्रत्येक गचक्याला धैर्यशील आरशातून उस्तादांकडं बघे. बघा, मी म्हटलं नव्हतं? उस्ताद खिडकीबाहेरचा ऊस बघत होते.

चढ लागला. इंजन ओरडलं. गाडी अडखळली, थांबल्यासारखी झाली, मग हिसडा देऊन पुढं गेली. बाईंची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली.

“डॉक्टरबाई,” उस्ताद म्हणाले, “गाय लंगडती म्हणून कुणी बोलावलं, तर तुमी काय करता?”

“उठवून चालवून बघते.”

“दावणीला बांधल्याली बघून न्हाई कळत?”

“कसं कळणार चाचा? उभी असली की लंगडी गायसुद्धा धडधाकट दिसते.” बाई हसल्या. “मीसुद्धा दिसते की. बाकावर बसले होते तेव्हा कुणाला कळलं असतं का?”

उस्तादही हसले. मागं धैर्यशीलला यात हसण्यासारखं काय आहे ते समजेना. गाईचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध?

आठ-दहा किलोमीटर झाल्यावर उस्तादांनी गाडी वळवायला लावली.

गॅरेजच्या अंगणात, सपाट जागी गाडी उभी राहिली. उस्तादांनी बाईंना ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एकेका गिअरवर फिरवायला सांगितला. मग शेवटी ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर. हँडब्रेक ओढून बाई उतरल्या. इंजन घुरघुरत होतं.

“आता बघ तेल,” उस्ताद धैर्यशीलला म्हणाले.

“तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा.”

धैर्यशीलनं मान हलवली. म्हातारपण, दुसरं काय. त्यानं सवयीनं खिडकीतून हात घालून किल्ली धरली.

उस्तादांनी त्याचं मनगट पकडलं.

“बंद करू नगोस.”

“पण तेल बघायचं ना? बंद केल्याशिवाय…”

“बंद करू नगोस.”

धैर्यशीलचा हात किल्लीवर, उस्तादांचा हात त्याच्या मनगटावर. दोघंही क्षणभर तसेच राहिले…

मग त्यानं किल्ली सोडली. बॉनेट उघडलं. चालू इंजनात पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत ओढली.

आणि बघतच राहिला.

वरची खूण कोरडी. खालची खूणही कोरडी. तेल होतं ते फक्त टोकाला, हळदीकुंकवाला बोट टेकवावं तेवढं.

त्यानं पुन्हा पुसली, पुन्हा घातली. पट्टी तेच सांगत होती.

“सकाळी तर…” तो पुटपुटला. मग त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. “इंजन बंद केलं की वर फिरणारं तेल सगळं खाली उतरतं… पट्टीला वाटतं, भरलंय… चालू झालं की ते वर जातं आणि खाली काही उरत नाही… पंप हवा ओढतो…”

उस्तादांनी पट्टीच्या टोकाचं तेल बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं.

“लाल हाय. जळका वास न्हाई. आतलं शाबूत हाय,” ते म्हणाले. “दहा दिस सोसलंय बिचारीनं.”

बाकावरून बाई हे सगळं बघत होत्या. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण धैर्यशीलचं तोंड एवढंसं झालेलं त्यांना दिसत होतं.

उस्तादांनी बाईंना काहीच सांगितलं नाही. ते नरसाळं शोधायला आत गेले, आणि शोधायला त्यांनी चांगला वेळ लावला. नरसाळं तर दारातच खिळ्याला टांगलेलं होतं.

धैर्यशील बाईंसमोर जाऊन उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पळून जावंसं वाटत होतं.

“मॅडम… गिअरबॉक्स गेलेला नाही. तेल कमी होतं. कमी मीच भरलं होतं. बंद गाडीत माप घेतलं आणि… तुमच्या गाडीत काही दोष नाही. माझी चूक आहे.”



“दहा दिवस,” बाई हळूच म्हणाल्या, “मी माझ्या पायावर राग काढत होते.”

धैर्यशीलनं दारातल्या खिळ्यावरचं नरसाळं काढलं. 

तेल त्यानंच भरलं. चालू इंजनात, बारीक धारेनं. थोडं घालायचं, थांबायचं, लिव्हर फिरवायचा, पट्टी बघायची. घाई केली नाही. पाऊण लिटरच्या वर गेल्यावर तेल खुणेला लागलं. मग तिघं पुन्हा त्याच चढावर गेले. गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी गेली ते कुणालाच कळलं नाही. चढ संपला तेव्हा बाईंनी एक मोठा श्वास सोडला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

गॅरेजात परतल्यावर उस्ताद तेलकट हात घेऊन उभे होते. फडकं सापडत नव्हतं. बाईंनी पर्स उघडली आणि घडी केलेला कागद पुढं केला.

“याला पुसा, चाचा.”

उस्तादांनी कागद उलगडला. “यावर सही हाय की तुमची.”

“म्हणूनच म्हणते, पुसा. सुळे गावात एक म्हैस अडलीय, मला निघायला हवं.”

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि गेली. गचका नाही, काही नाही. धैर्यशील ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मग तो भिंतीशी गेला. वर्तमानपत्रातला बोर्ड त्यानं उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

“उस्ताद…”

“बोल.”

“माझं अजून किती कमी आहे?”

सकाळपासून पहिल्यांदाच उस्तादांनी त्याच्याकडं नीट, डोळे भरून बघितलं. मग त्याच्या हातातल्या बोर्डावरचा वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्या हातानं फाडून काढला.

“गुरुवारी लाव ह्यो,” ते म्हणाले. “पर शिकणं बंद करू नगोस.”