वानराने मान वळवली

डोंगरातल्या एका खिंडीत जांभळाचे उंच झाड होते, आणि त्या झाडावर एक वानर राहत असे. खिंडीच्या पश्चिमेला जंगल थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरत गेले होते, तर पूर्वेला दूरवर पसरलेले पठार होते. वानर रोज सकाळी बुंध्याला पाठ टेकून, समुद्राकडे तोंड करून बसे आणि दोन्हीकडच्या प्राण्यांना त्या दिवसाचे हवामान सांगे. त्याचा आवाज असा खणखणीत, की एका हाकेत दोन्ही उतार जागे होत. पावसाळाभर त्याचा एकही अंदाज चुकला नव्हता. चुकणार कसा? समुद्रावर ढग दिसला की तो आधी किनाऱ्यावर बरसे आणि मग डोंगर ओलांडून पठारावर येई. वानर फक्त तिकडे डोळे लावून बसे. मात्र सगळे त्याला शहाणा म्हणू लागले, तसा तो स्वतःही स्वतःला शहाणा म्हणू लागला.

भाद्रपद सरत आला. पाऊस ओसरला, गवताला तुरे आले. अशाच एका सकाळी वानराने आरोळी दिली, "किनाऱ्यावर ऊन! पठारावर ऊन! खुशाल बाहेर पडा!"

पठाराच्या उतारावर मुंग्यांचे मोठे वारूळ होते. त्या याच हाकेची वाट पाहत होत्या. एवढ्या पावसात त्यांच्या कोठारात ओल शिरली होती आणि दाण्यांना कोंब फुटू लागले होते. आता ऊन दाखवले नाही तर सगळे धान्य कुजणार आणि हिवाळ्यात पिल्लांना खायला काहीच उरणार नाही, हे लहानमोठ्या सगळ्या मुंग्यांना कळत होते. त्यांनी भराभर दाणे बाहेर काढले आणि वारुळाभोवती वाळवण घातले.

दुपार झाली. वारा पडला आणि जीव नकोसा करणारा उकाडा सुरू झाला. एका मुंगीला काही चैन पडेना. ती म्हणाली, "मी वानरदादांना पुन्हा एकदा विचारून येते."

"अगं, त्यांचा अंदाज कधी चुकलाय का?" बाकीच्या म्हणाल्या.

"नाही ना? मग विचारायला काय हरकत आहे?" असे म्हणून ती निघालीसुद्धा.

पठाराच्या बाजूने ती जांभळाच्या बुंध्यावर चढू लागली. गवताच्या वर आल्यावर तिने सहज मागे पाहिले. पूर्वेकडे, पठाराच्या टोकाला, काळाकुट्ट ढग उभा होता. त्यात वीज चमकत होती. खाली जाऊन सांगावे, तर ती वारुळाशी पोहोचेपर्यंत पाऊस तिच्या आधी पोहोचला असता. वर मात्र तो खणखणीत आवाज होता. ती जिवाच्या आकांताने वर चढली.

"वानरदादा, पूर्वेकडून पाऊस येतोय! लवकर हाक द्या!"

वानर हसला. "मुंगीबाई, पाऊस समुद्रावरून येतो. समोर बघा, एक ठिपका तरी दिसतोय का?"

"समोर नाही. तुमच्या मागे बघा."

"मागे पाऊस जातो. तिकडून तो येत नाही."

"आमचे वर्षाचे धान्य उघड्यावर पडले आहे हो! एकदा मान वळवलीत तर काय बिघडेल?"

"बिघडेल तर!" वानर आता चिडला. "आज मी मागे वळून पाहिले, तर उद्या तो किनाऱ्यावरचा कोल्हा म्हणेल, वानराला स्वतःच्याच बोलण्याची खात्री नाही." आणि त्याने डोळे मिटून घेतले.

मुलांनो, मुंगी इथून परत फिरली असती तर तिला कोणीही दोष दिला नसता. तिने विचारले होते, विनवणीही केली होती. पण तिला डोळ्यांपुढे पिल्ले दिसत होती. ती वानराच्या पायाशी गेली, दोन बोटांमधली मऊ जागा तिने हेरली आणि सगळी ताकद लावून कडकडून चावली.

"आई गं!" वानराने पाय धरून जी उडी मारली, ती पलीकडच्या फांदीवर. आणि पलीकडची फांदी होती पूर्वेच्या बाजूला!

ढग आता निम्म्या पठारावर आला होता. वानराचा चेहरा खर्रकन उतरला. पाऊस परत फिरताना उलट्या वाटेने येऊ शकतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. सकाळी आपण केवढ्या मोठ्याने ओरडलो होतो ते त्याला आठवले आणि त्याला फार लाज वाटली. गप्प बसावे आणि पाऊस अचानक आला म्हणावे, असेही क्षणभर त्याच्या मनात आले. मग त्याने खाली पाहिले. वाळत घातलेले दाणे, त्यांच्याभोवती निर्धास्त फिरणाऱ्या मुंग्या. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"मुंग्यांनो, वाळवण उचला! पूर्वेकडून पाऊस येतोय! सकाळी माझे चुकले!" मग तो किनाऱ्याकडे वळून ओरडला, "तुमच्याकडे संध्याकाळी पोहोचेल! पिल्लांना आत घ्या!"

खालून कोल्हा खिदळला, "अहो शहाणे, सकाळी ऊन आणि आता पाऊस? नक्की काय ते एकदा सांगा की!"

"नक्की हेच! सकाळी माझे चुकले, आता पाऊस येतोय!" वानर घसा बसेपर्यंत हेच ओरडत राहिला. कोल्ह्याचे हसणे त्याला ऐकू येत होते, तरी तो थांबला नाही.

मुंग्यांची एकच धावपळ उडाली. सर आली तेव्हा थोडे दाणे वाहून गेले, पण बाकीचे सगळे वारुळात पोहोचले होते. झाडावर अडकलेल्या मुंगीवर वानराने ओंजळ धरली. संध्याकाळी तोच पाऊस किनाऱ्यावर कोसळला, तेव्हा कोल्ह्याची पिल्ले बिळात कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानर झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. आज आपले कोण ऐकणार, अशी धाकधूक त्याच्या मनात होती. त्याने चारही दिशांना नीट पाहिले आणि बसक्या आवाजात सांगितले, "किनाऱ्यावर दिवसभर ऊन. पठारावर दुपारपर्यंत ऊन. त्यापुढचे आत्ता मला सांगता येत नाही, दुपारी पाहून सांगेन."

मग वारुळातून एक मुंगी दाणा घेऊन बाहेर आली, तिच्यामागे दुसरी आली, आणि पाहता पाहता सगळे धान्य पुन्हा उन्हात पसरले गेले.

तात्पर्य : ऋतू बदलला की कालचा अंदाज आज पुन्हा पडताळून पाहावा, आणि चूक कळली, तर ती जितक्या मोठ्याने सांगितली होती तितक्याच मोठ्याने सुधारावी.