घोंगडीचा सत्कार

आमच्या साखर कारखान्यात बॉयलरपुढं घटकाभर उभं राहिलं तरी भुवया करपायच्या. आम्ही पंखे मागितले. चेअरमन रावसाहेब आपल्या गारेगार ऑफिसातून म्हणाले, "तिथं गरम कुठाय? तुम्हाला नुसती कुरकुरायची सवय."

ज्ञानूअण्णा मगदूम आमचे बॉयलरच्या भट्टीवरचे सर्वांत जुने फायरमन. भर हंगामात त्यांनी रावसाहेबांचा सत्कार ठरवला, तोही बॉयलरसमोर. सत्काराला रावसाहेब कधी नाही म्हणत नसत.

अण्णांनी शालीऐवजी जाडजूड घोंगडी त्यांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि भाषणं सुरू केली. दुसऱ्याच भाषणाला रावसाहेबांची टोपी भिजली. ते घोंगडी काढू लागले, तशी अण्णांनी ती हळूच पुन्हा सारखी केली.

"राहू द्या की, साहेब. इथं गरम कुठाय?"

घोंगडी तिथंच टाकून रावसाहेब बाहेर पडले. आठ दिवसांत पंखे आले.

कारखाना बंद पडून आता बारा वर्षं झाली. अण्णाही राहिले नाहीत. घोंगडी तेवढी माझ्याकडं आहे. परवा त्या थंड बॉयलरपाशी जाऊन बसलो, आणि ती अंगाभोवती ओढून घेतली.