लाल रुमालातला लॅपटॉप

"तुमचा आवाज दहा मिनिटांत बंद पडतो, बाबा. मग मी तिथं जाऊन काय करू?"

हर्षलने हे विचारलं तेव्हा मोतीगीर बाबा मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मठ अगदी लहान. ओट्यावरून समोरचा डोंगर दिसतो आणि त्याच्या उतारावरचा पाडाही. त्या पाड्यावरची माणसं दोनदा येऊन गेली होती. संध्याकाळी बसून चार गोष्टी सांगेल असं कुणीतरी द्या, म्हणत होती. बाबांचे गुडघे आता चढ मानत नव्हते. त्यांनी हर्षलचं नाव सांगून टाकलं होतं.

हर्षल इंजिनिअर. नोकरी सोडून मठात आला त्याला बरीच वर्षं झाली. बाबा बोलत, तो लॅपटॉपवर आवाज भरून घेई. बाबांचा एक शब्दही आपल्या हातून सुटलेला नाही, याचा त्याला अभिमान होता, आणि तो मनातल्या मनात ठेवणं त्याला जमत नसे. आल्यागेल्याला ऐकवी.

पण पाड्यावर वीज नावापुरती. आणि लॅपटॉप म्हातारा. वायर काढली की मान टाकायचा.

हर्षलने सगळे उपाय केले होते. पडद्याचा उजेड कमी केला, वायफाय बंद केलं, मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम हुडकून बंद केले. नवी बॅटरी मागवली, तर इतक्या जुन्या मॉडेलची आता कुणी ठेवत नाही असं कळलं. उपाय चालले होते तोवर जाणं लांबत होतं. खरं सांगायचं तर ते लांबावं असंच त्याला वाटत होतं. बाबांना सोडून राहणं त्याला नको होतं.

बाबा उठले. आत कोनाड्यापाशी गेले. तिथे लॅपटॉप ठेवलेला असे, पोथीसारखा लाल रुमालात बांधलेला, वायर लावलेला.

लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी रुमालावर हात ठेवला.

"ताप आहे रे याला."

"चार्ज होताना गरम होतो, बाबा."

"रुमाल कधी सोडतोस?"

"तुमचा आवाज ऐकायचा असला की. एरवी धूळ बसते."

"आणि वायर?"

पाड्यावर जायचं निघेपर्यंत वायर त्याने कधी काढलीच नव्हती. ऐन वेळी आवाज बंद पडू नये या धास्तीने रात्रंदिवस लावून ठेवली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर अशानेच बॅटरी मरते, हे त्यानेच चार शब्द जास्त बोलून समजावलं असतं.

"मीच मारली तिला," तो हळूच म्हणाला.

बाबांनी काही दोष दिला नाही. रुमाल सोडला, वायर काढली आणि लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला. एखादी गोष्ट लाव म्हणाले.

लॅपटॉपमधून बाबांचाच आवाज आला, काही वर्षांपूर्वीचा, खणखणीत. एक नावाडी होता. त्याची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पैलतीरी गेली. बापाला करमेना. रोज संध्याकाळी तो नाव सोडायचा, आणि मधोमध पोचला की...

पडदा काळा झाला.

हर्षलचा हात सवयीने वायरकडे गेला. बाबांनी तो धरला.

"पोचला की?"

"बाबा, तुम्हालाच ठाऊक आहे."

"मी म्हातारा झालो. सांग की."

हर्षलने डोळे मिटले. बाबांनी हात सोडला नव्हता.

"मधोमध पोचला की तो वल्ही थांबवायचा," हर्षल म्हणाला. "तिथून लेकीच्या चुलीचा धूर दिसायचा. धूर दिसला, की नाव वळवायचा आणि घरी येऊन जेवायचा."

"मी असं सांगितलं होतं?"

"नाही, बाबा. तुमचा नावाडी थेट लेकीच्या दारापर्यंत जायचा."

बाबा डोंगराकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

मग त्यांनी लाल रुमाल पसरला. फोडलेले शेंगदाणे त्यात ओतले, गूळ ठेवला, घट्ट गाठ मारली आणि ते गाठोडं हर्षलच्या हातात दिलं. लॅपटॉप ओट्यावरच राहिला. हर्षलनेही तो मागितला नाही. खाली वाकून त्याने बाबांच्या पायांवर डोकं टेकलं, ते लवकर उचलवेना.

बाबांनीच त्याला उठवलं.

"ऊन चढायच्या आत नीघ," ते म्हणाले. "आणि पोचलास की आधी चूल पेटव."