कोतवालाची बाज

कोतवाल दौलतजी नोकरीत कायम झाला आणि त्या दिवसापासून झोपला. राजाच्या आजोबांनी त्याच्या घराण्याला सनदच दिली होती. कोतवालाने भर दरबारात स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केल्याशिवाय त्याला काढायचं नाही, दुसऱ्याची साक्ष चालायची नाही! त्यामुळे दौलतजी भरदुपारी वेशीत बाज टाकून घोरायचा. कुणी हटकलंच, तर डोळे मिटून विचार करत होतो म्हणायचा.

त्याच वेशीतून चोरांनी ठकू कुंभारणीचं गाढव नेलं. गाढव वेशीत जीव खाऊन ओरडलं, तर दौलतजीने फक्त कूस बदलली. ठकू तणतणत दरबारात गेली. राजा स्वतः कोतवालाला विटला होता, पण आजोबांचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. तो तिच्यावरच वैतागला.

"उद्या दुपारी त्याच्या तोंडून कबुली आण. मारायचं नाही, धमकावायचं नाही, लाच द्यायची नाही. जमलं नाही, तर कायम कोतवालावर आळ घेतला म्हणून तुझं दुसरं गाढव जप्त!"

तेही गेलं तर माती काय डोक्यावरून आणायची? ठकूला आधी रडू आलं, मग राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपले चार दीर गोळा केले. चौघांनी बाज अलगद खांद्यावर घेतली, वर दौलतजी घोरतोय तसाच. बाजारातल्या लोकांना वाटलं, गेला बिचारा. दुकानदार हात जोडून मागे चालू लागले, एका म्हातारीने फुलं वाहिली. तेवढ्यात दौलतजीने नाक खाजवलं आणि निम्मी अंत्ययात्रा पळाली.

बाज सिंहासनापुढे टेकली.

"महाराज, कोतवालसाहेब पहारा सोडून इकडं आलेत," ठकू म्हणाली.

दौलतजी दचकून उठून बसला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी पहारा सोडला नव्हता! आपल्याला या लोकांनी उचलून आणलं, असं तो ओरडून सांगू लागला.

"चौघांनी उचललं, तेव्हा बोलला का नाहीत? राजीखुशीनंच आलात की."

"राजीखुशीनं? अगं बाई, मी गाढ झोपेत होतो!"

राजा असा हसला, की मुकुट दोन्ही हातांनी धरावा लागला. दौलतजीची नोकरी गेली आणि गाढवाच्या बदल्यात त्याचं घोडं ठकूला मिळालं.

"वेशीची कोतवालकी आजपासून तुझी," राजा डोळे पुसत म्हणाला. "सनद देतो, कायमची!"

ठकूने बाजेकडे पाहिलं.

"कोतवालकी द्या महाराज, पण कायमची नको. मला आत्ताच जांभई यायला लागलीय."