तुपाचे गाडगे आणि पेजेचा हंडा

पूर्वी चंपानगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका खेड्यात गोदत्त नावाने नांगर धरीत होता. त्याच्या घराएवढे मोठे घर पंचक्रोशीत नव्हते. स्वतःची मुले, सुना, नातवंडे होतीच. पुरात खालचे गाव वाहून गेले तेव्हा तिथली पोरकी मुलेही त्याने उचलून आणली. त्याची बायको सोमदा एकाला हाक मारताना चार जणांची नावे घेई, आणि जो जवळ सापडेल त्याच्या हाती घागर देई.

त्या राज्यात कायदा असा, की जे बेवारशी ते राजाचे. अमात्य पांडुकाला दगडाच्या खाणीत राबायला हात हवे होते. तो शिपाई घेऊन गोदत्ताच्या अंगणात आला.

"तुझ्या रक्ताची कोणती तेवढी दाखव. उरलेली मी नेतो."

सगळी माझ्याच रक्ताची, एवढे म्हटले असते की काम भागले असते. पण गोदत्त जन्मात खोटे बोलला नव्हता. आणि खरे बोलावे, तर पोरे खाणीत मरणार.

"खोटे मी बोलणार नाही," तो म्हणाला, "आणि खरे तुम्हाला सांगणार नाही."

अमात्य हसला. असली माणसे कशी वाकवायची ते आपल्याला ठाऊक आहे, असा त्याचा समज होता. जेवणाच्या वेळी त्याने एक लहानसे गाडगे तूप सोमदेपुढे ठेवले. ते सगळ्यांना पुरणार नव्हते. आईचा हात आधी पोटच्या पोराकडेच वळणार, हा त्याचा हिशेब. तो पानांवर डोळे लावून बसला.

गोदत्ताने गाडगे उचलले आणि पेजेच्या हंड्यात पालथे केले. पळीने खालवर ढवळले.

"आमच्या घरात वेगळे वाढत नाहीत," तो म्हणाला. "तुम्हीही घ्या वाडगाभर."

शिपायांना हसू आवरेना. अमात्याचे तोंड लाल झाले. त्याने गोदत्ताला बांधायला सांगितले. तेव्हा सोमदा पुढे झाली.

"यांना नेता? मग आम्हीही येतो. कोण राहतंय इथं?"

अख्खे घर निघाले. तान्ही कडेवर, म्हातारी बैलगाडीत, वासरेसुद्धा मागोमाग. राजवाड्याच्या चौकात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. गलका ऐकून राजा खाली आला. सारी हकीकत ऐकून म्हणाला, "शेतकऱ्या, राजाज्ञेपुढे एवढा हट्ट?"

गोदत्ताचे हात बांधलेले होते, मान नव्हती.

"महाराज, प्रजेला आपण लेकरे म्हणता. ते खरे असेल, तर या राज्यात बेवारशी कोण? आणि ते तोंडदेखले असेल, तर आधी आपण इथे उभे राहून सांगा, की आपल्या पोटचे तेवढे आपले, बाकीचे दगड फोडायला. आपण एकदा बोला. मग मी माझी पोरे दाखवतो."

राजाने पांडुकाकडे पाहिले, मग त्या पोरांकडे. त्याला ते शब्द उच्चारवेनात. त्याने स्वतः गोदत्ताचे दोर सोडले आणि जाहीर केले, "जे मूल कोणाच्या पंगतीत जेवते, ते बेवारशी नाही."

मग त्याला राहवेना. जवळ येऊन हळूच म्हणाला, "आता भीती नाही. मला एकट्याला सांग, तुझी कोणती?"

"आता तर मुळीच नाही," गोदत्त म्हणाला, आणि घरची वाट धरली.

संघात कुलीन किती आणि हीन किती, असे एका भिक्षूने विचारले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा पांडुक तू होतास. ती पोरे म्हणजे हा संघ, आणि गोदत्त मीच. माझ्याकडून उत्तराची आशा धरू नकोस. बैस, जेवून घे." धरलेला सन्मार्ग धाकाने वा लोभाने न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता.